चार शिसवी खांबांचं मूळ

६ जानेवारी

फुला म्हणते, माणसांना प्रश्न विचारून तुमचं पोट भरत नाही, आता कागदाला विचारा. म्हणून ही डायरी.

तिचंही बरोबर आहे. जन्मभर कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो. जोयडा, रामनगर, कॅसलरॉक, परत जोयडा. प्रवासी चढला की कुठून आलास, कुठं चाललास, कुणाच्यात, कशासाठी, सगळं विचारायचो. तिकिटाला यातलं अर्धंच लागतं, पण बाकीचं विचारल्याशिवाय मला चैन पडत नसे. आता निवृत्त झालो तर विचारायला उरलेत शेजारी आणि म्हशी.

पण काल एक नवं काम अंगावर आलं. गावदेवाला गाऱ्हाणं घालायचं. नंदिगड्ड्याहून आत रानात आमचं कुणब्यांचं लहानसं गाव आहे, आणि सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलायचा मान, म्हणजे गावकरकी, आमच्या घराकडं आहे. आजवर हे गणपतीकाका करायचे. त्यांचा दमा वाढला, उभं राहवत नाही. पंचांनी बोलावून सांगितलं, "गुणा, आता तूच." मी लगेच विचारलं, "नेमकं म्हणायचं काय असतंय?" तर सगळे हसले.

हसायला काय झालं? काकांचं गाऱ्हाणं आजवर कुणालाच नीट ऐकू आलेलं नाही. ते देवापुढं उभे राहून पुटपुटायचे आणि मागून आम्ही "व्हय देवा" म्हणायचो. कशाला व्हय म्हणतोय ते कुणालाच ठाऊक नसायचं. काकांचे दात लवकर पडले, त्यामुळं असेल.

१५ जानेवारी

रोज सकाळी काकांकडं शिकायला जातो. गाऱ्हाण्यात देवाला नुसती वस्तू सांगून चालत नाही, तिचं मूळ सांगावं लागतं. हे मला माहीतच नव्हतं! काका म्हणाले, "वस्तू म्हंजे झाड रे. मुळाबिगर देव घेत न्हाई. कुणी दिली, त्येला कुठनं मिळाली, कशापायी मिळाली. कापराची वडी असली तरी."

"आनि मूळ न्हाई सांगितलं तर?"

"मग ती पायरीखाली ठेवायची. ती देवाची न्हवं."

"आनि देणाऱ्यानं खोटंच सांगितलं तर?"

काकांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. "देवाच्या दारात? तिथं कशापायी खोटं बोलंल कोण?"

हे काम तर माझ्यासाठीच केलेलं आहे. कुठून आलं, कसं आलं, कशासाठी आलं! फुलाला सांगितलं तर ती म्हणाली, "झालं. आता देव बी कंटाळणार."

मग मी काकांना म्हणून दाखवलं, खड्या आवाजात. दोन ओळी झाल्या नाहीत तर काका उठले आणि माझ्या तोंडावर तळवा दाबला. काहीतरी सांगायला गेले, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि राहून गेलं. मी समजलो. तोंडाला तंबाखूचा वास येत असणार. उद्यापासून तंबाखू बंद.

२७ जानेवारी

देवळाच्या मंडपासाठी वासूनं खांब पाठवले. चार खांब, काळेभोर शिसव, वर कमळं कोरलेली. ट्रक आला तेव्हा बायका भाकऱ्या टाकून बघायला धावल्या.

वासू म्हणजे आमचे आमदार वासुदेव. पण गावात त्याला साहेब म्हणायची कुणाची जीभ वळत नाही. येसूमावशीचा मुलगा. नवरा वारल्यावर मावशी पोराला घेऊन इथं माहेरी आली, म्हणून वासू आणि मी एका शाळेत. पुढं तो रामनगरला जीप चालवायला लागला. जीपनंतर टिपर, टिपरनंतर कंत्राटं, मग तालुका पंचायत, जिल्हा पंचायत आणि एकदम बंगळूर. ही त्याची दुसरी खेप. आता मंत्री होणार म्हणतात. पण गावाला विसरला नाही. समाजमंदिर त्यानं दिलं, शाळेची बाकं त्यानं दिली, देवळाचा माइक त्यानं दिला. अर्ध्या गावावरचे पत्रे त्याचे आहेत, आमच्याही घरावरचे.

मी ट्रकवाल्याला विचारलं, "वाटंत नाक्यावर कुणी अडवलं न्हाई?" तो म्हणाला, "आमदारांचा माल. फाटक आदीच उघडं हुतं." मला वासूचं कौतुक वाटलं. वाघांचं राखीव रान आहे हे, इथं वाळकी काटकी उचलायची तरी चोरी. मागं परशुरामनं गोठ्याचं आढं मोडलं म्हणून पडलेल्या झाडाची एक फांदी ओढून आणली, तर बिचाऱ्याला जोयड्याला वनखात्याच्या कचेरीत खेपा घालून घालून चपला झिजवाव्या लागल्या.

सगळ्यांनी खांब उतरवायला हात लावला. परशुराम तेवढा लांब उभा होता. पाठ धरली असेल.

३ फेब्रुवारी

वासू मंडपाचं काम बघायला आला होता. बरोबर त्याचा पीए, निखिल म्हणून पोरगा आहे, सारखा फोनवर. मी वासूला फणसाखाली गाठलं.

"वासू, खांबांचं मूळ सांग. गाऱ्हाण्यात घालायचं हाय."

"मूळ? मी दिले म्हण की."

"तुझं नाव हायच रे. पण तुला कुठनं मिळाले?"

निखिल मध्येच म्हणाला, "विकत घेतले म्हणून सांगा ना सर." वासूनं त्याला गाडीतून पाणी आणायला पिटाळलं. शेजारीच पाण्यानं भरलेला तांब्या होता, पण मोठ्या लोकांना बाटलीचंच लागतं.

मग वासूचा चाळा सुरू. गाडीची किल्ली या हातातून त्या हातात. मी म्हटलं, घाई नाही, आठवेल तसं सांग. मग त्यानं सांगितलं.

"डोंगराच्या पल्याड एक शेट रिसॉर्ट बांधतोय. त्येला राखीव रानातनं रस्ता पायजे हुता. मी बंगळूरला बसून मिळवून दिला. रस्त्यात झाडं गेली, त्येतलंच हे खांब. शेटनं दिले."

"नुसते खांबच दिले?"

"आनिक बी दिलं." तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "पर ते मी देवाला दिलेलं न्हाई. ते सांगायची गरज न्हाई."

नियमानं हे अगदी बरोबर होतं. मी सगळं दोनदा म्हणून पाठ करून घेतलं. वासूनं विचारलं, "काका न्हाईत का आता म्हणायला?" मी म्हटलं, "आता मी." तो म्हणाला, "काका म्हणायचे तसंच म्हण, म्हंजे झालं." मी त्याला शब्द दिला की काकांपेक्षा चांगलं म्हणेन.

दिवाळीच्या सुमारास डोंगरापलीकडून यंत्रांचा आवाज यायचा. कुणी म्हणे विजेचे मनोरे, कुणी म्हणे धरण. म्हणजे तो रस्ता होता तर. एक कोडं सुटलं.

१० फेब्रुवारी

आज मंडप देवाला वाहिला. माझं पहिलं गाऱ्हाणं!

गर्दी कधी नव्हे एवढी. हळ्याळचे, दांडेलीचे, रामनगरचे पाहुणे. रामनगरची प्रियांका आली होती, मोबाइलवर बातम्यांचा चॅनेल चालवते ती मुलगी. मला माइकची गरज नव्हती, गच्च भरलेल्या बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचणारा गळा आहे माझा. पण माइक होता म्हणून तोही घेतला.

"हे पाईकदेवा, रानाच्या राखणदारा! तुझा लेक वासुदेव, येसूचा पोर, तुझ्या दारात चार खांब उभे करतोय. हे खांब शेटनं दिले. शेटला राखीव रानातनं रस्ता पायजे हुता, वासूनं बंगळूरला बसून त्येला मिळवून दिला. रस्त्यात जी झाडं आडवी झाली त्येंचे हे खांब. हे मूळ आमी तुझ्या कानावर घालतोय. गोड मानून घे. वासूचं भलं कर, त्येला मंत्री कर!"

"व्हय देवा!" सगळा गाव एका दमात म्हणाला. पहिल्यांदाच कशाला व्हय म्हणतोय ते सगळ्यांना कळत होतं.

अंगावर काटा आला माझ्या. वासू डोळे मिटून उभा होता, चेहरा पांढराफटक. उपास असणार. पाहुण्यांना मात्र रीत माहीत नव्हती, ते एकमेकांकडं बघत होते. निखिलनं धावत येऊन माइकची वायर उपटली, करंट येत होता म्हणाला. काका कोपऱ्यात खुर्चीवर होते, त्यांनी डोळ्यांवर पंचा ओढून घेतला होता. पोरगा आपला वारसा चालवतोय हे बघून त्यांना भरून आलं असेल. वासू न जेवता गेला, एवढंच वाईट वाटलं.

१३ फेब्रुवारी

मी प्रसिद्ध झालो! प्रियांकानं माझं गाऱ्हाणं मोबाइलवर टाकलं आणि ते सगळीकडं फिरतंय. कानडीत खाली अक्षरं घातली आहेत. जोयड्याला गेलो तर हॉटेलवाल्यानं चहा फुकट दिला आणि "ते 'मंत्री कर' परत म्हणा" म्हणून आग्रह केला. डेपोतले जुने ड्रायव्हर, कंडक्टर फोन करतात आणि हसतात. आपल्या रिती शिकल्यासवरल्या लोकांना आवडायला लागल्या, ही चांगली गोष्ट आहे.

वासूला तीनदा फोन लावला, उचलत नाही. मंत्र्यांची यादी ठरते आहे म्हणतात, त्या गडबडीत असेल.

१७ फेब्रुवारी

प्रियांका परत आली. गाऱ्हाण्याबद्दल विचारेल म्हणून मी तयार होतो, पण तिला रस्ता बघायचा होता. "मामा, दाखवाल?" मलाही तो बघायचाच होता. दोघं डोंगर चढून पलीकडं उतरलो.

रस्ता रुंद आहे. आमच्या दोन बस शेजारून गेल्या असत्या. तांबडी माती, दोन्ही बाजूंनी बुंधे. काही बुंधे एवढे की वर मी आडवा झोपलो तरी पाय बाहेर येणार नाहीत. प्रियांका फोटो काढत होती. मी त्या बुंध्यांवरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच मनात आलं, हे खांब आधी झाडं होती. गाऱ्हाण्यात मी ते म्हटलं होतं, पण म्हणताना दिसलं नव्हतं.

खाली उतरलो तर ओहोळ मातीनं बुजलेला. आमच्या वाफ्यांना पाणी येतं तो हाच. कार्तिकापासून पाणी का कमी झालं म्हणून मी साऱ्या गावाला विचारत होतो. तेही कोडं सुटलं, पण या वेळी बरं वाटलं नाही.

येताना प्रियांकानं विचारलं, "मामा, तुमास्नी भ्या नाही वाटलं तसं बोलायला?" मी म्हटलं, "देवाशी बोलायला कसलं भ्या?" 

२४ फेब्रुवारी

आज निखिल आला. या वेळी फोन खिशात, आणि मला काका म्हणायला लागला.

"काका, एवढंच करा. कुणी विचारलं तर सांगा की ते शब्द परंपरेचे आहेत, दर वर्षी तेच म्हणतात."

"दर वर्षी? रिसॉर्टसकट?"

त्यानं डोक्याला हात लावला. मग सगळं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. विरोधकांनी ती चित्रफीत विधानसभेत नेली. लोकायुक्तांकडं तक्रार गेली. मंत्र्यांच्या यादीतून वासूचं नाव खोडलं. "तुम्ही त्यांना संपवलंत, काका," तो म्हणाला.

मी ओसरीवर बसून राहिलो. मी त्याचं भलं मागत होतो. सगळ्या गावाकडून वदवून घेतलं ते भलं. हॉटेलवाला चहा कशाचा पाजत होता ते आता कळलं. लाज वाटते. आणि रागही येतो, पण कुणाचा तो ठरवता येत नाही.

२८ फेब्रुवारी

काकांकडं गेलो. विचारायचं नव्हतं, पण विचारलंच. "तुमी पुटपुटत का हुता?"

दमा जरा शांत होता. ते म्हणाले, "देवापुढं माणूस उघडा हुतो, गुणा. कोण चोरलेलं आणतोय, कोण भावाला फसवून घेतलेलं आणतोय. मूळ सांगतोय म्हंजे आतनं उघडा हुतोय. ते देवाला सांगायचं आनि गावापासनं झाकायचं. त्येच्यासाठी गावकर असतोय."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"तोंडावर हात ठेवला की!"

मी तंबाखू सोडली होती. मला रडू आलं, काकांसमोर, पोरासारखं. वासूनं माझ्यापाशी मन उघडं केलं आणि मी ते माइकवरून ओरडून सांगितलं. यापेक्षा मोठी दगाबाजी कुठली?

पण वाटेत परत फिरलो. एक प्रश्न राहिला होता. "काका, तुमी असं लई झाकलंय?"

"लई."

"आनि ज्येचं चोरलं हुतं, त्येला काय मिळालं?"

काकांनी भिंतीकडं तोंड केलं. दम लागला नव्हता, मी बघत होतो.

७ मार्च

वासूच्या रामनगरच्या घरावर छापा पडला. खांबांच्या मागोमाग बाकीचंही निघालं, बेळगावातला बंगला, बायकोच्या नावची जमीन, सगळं शेटकडून आलेलं. पक्षानं त्याला काढून टाकलं. इथं कारवारहून माणसं आली, खांबांवर खडूनं आकडे घातले, लाखेचे शिक्के मारले. देवळात बूट घालून येऊ नका म्हटलं तर त्यांनी ऐकलं, माणसं वाईट नव्हती. मला वीस तारखेला कारवारला न्यायाधीशांपुढं जबाब द्यायचा आहे. त्यांच्याकडं कागदपत्रं आहेत, पण शेट आता म्हणतोय की खांब त्यानं वासूला विकले, देणगी नाही, आमदारांचा रस्त्याशी संबंध नाही. वासूच्या तोंडून खरं ऐकलेला एकटा मीच.

येसूमावशी विहिरीवर भेटली. मी वाकून नमस्कार करायला गेलो, तिनं कळशी उचलली आणि दुसऱ्या वाटेनं गेली. लहानपणी वासूला आणि मला एकाच ताटात वाढायची ती.

१५ मार्च

पंच बसले. म्हणणं एकच. "इसरलो म्हण. म्हातारपणी इसरतंय माणूस. पुन्हा आमच्यातला आमदार व्हायचा न्हाई, गुणा. उद्या पत्रा फुटला तर कुणाच्या दारात जायचं?" आणि विसरलो नाही तर गावकरकी दुसऱ्याकडं जाईल, हेही सांगितलं.

मी म्हटलं, विचार करतो. खरंच करतोय. काकांचं ऐकलं तर झाकणं हेच माझं काम. आणि ओहोळ डोळ्यापुढून हलत नाही.

उठताना परशुराम एवढंच म्हणाला, "माझी फांदी कुणी इसरलं न्हाई." मग तो घरी गेला.

१९ मार्च

दुपार कलल्यावर वासू आला. एकटाच, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. दाढी वाढलेली. फुलानं काही न बोलता नाचणीची आंबील दिली, त्यानं भांडं तोंडाला लावून सगळी संपवली.

मी म्हटलं, "माझ्याकडनं चूक झाली, वासू. मला रीत कळली न्हवती."

"माहीत हाय."

"मी काकांसारखं पुटपुटणार असं तुला वाटलं. म्हनून खरं सांगितलंस, व्हय ना?"

"ते बी हाय." तो भांडं फिरवत बसला. "पर त्येच्यामुळं न्हाई."

"मग?"

"तू इचारलंस."

मला कळलं नाही. तो म्हणाला, "पयल्यांदा शाळेला बाकं दिली न्हवं, तवा मला भ्या वाटत हुतं. कोन तरी इचारंल, जीप चालवणारा वासू, येवढं कुठनं आणलंस? चांगलं उत्तर तयार करून ठेवलं हुतं, आरशापुढं म्हणून बघितलं हुतं. कुणी इचारलंच न्हाई. हार घातला, शाल दिली. मग माइक दिला, पुन्ना शाल. पत्रे दिले, शाल. घरात शाली ठेवायला जागा न्हाई, गुणा. हळूहळू ते उत्तर बी इसरलो. इतक्या वर्सांनी तू फणसाखाली इचारलंस, आनि माझ्यापाशी खोटं तयारच न्हवतं."

आम्ही दोघंही वर पत्र्यांकडं बघत बसलो. फुला चुलीशी होती, तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

मग तो उठला. "उद्या कारवारला जातुयास?"

"व्हय."

तो अंगणात उभा राहिला. जात नव्हता. कशासाठी आला होता, ते मी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच ओठावरचा प्रश्न गिळला. मग मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला आणि तो गेला.

२१ मार्च

काल जबाब दिला. देवाला सांगितलं तेच सांगितलं, जास्त नाही, कमी नाही. "मंत्री कर" एवढं सोडून. न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी विचारलं, आमदारांशी तुमचं वैर आहे का? मी म्हटलं, माझा तो सगळ्यात जुना मित्र आहे. हे सांगताना आवाज बसला, त्यांनी परत सांगायला लावलं.

१२ एप्रिल

वासूनं राजीनामा दिला, आता तो कोठडीत आहे. खांब लोकायुक्तांची माणसं घेऊन गेली. मंडपाला बांबूचे टेकू लावलेत, वारा आला की करकरतं. बांबू परशुरामच्या परड्यातले, त्यानं स्वतः लावून वाढवलेले. गाऱ्हाणं अजून माझ्याकडंच आहे, कारण दुसरं कुणी उभं राहायला तयार नाही. मूळ मोठ्यानं सांगावं लागेल या भीतीनं देवाला सध्या फुलांशिवाय काही येत नाही.

आज समाजमंदिरात बैठक होती. रामनगरचे तुकारामशेट (रिसॉर्टवाला शेट वेगळा) आले होते, पोटनिवडणुकीला उभे राहणार आहेत. माणूस गोड आहे. म्हणाले, "झालं गेलं विसरा. देवाचा मंडप असा टेकूवर बरा दिसत नाही. आठवडाभरात चार दगडी खांब पाठवतो, नक्षीसकट."

पंचांचे चेहरे उजळले. कुणीतरी शाल आणायला पोराला पिटाळलं. सगळ्यांनी चोरून माझ्याकडं बघितलं, आता हा तोंड उघडणार म्हणून. पण मी कारवारहून आल्यापासून फार बोलत नाही.  मी खाली मान घालून बसलो.

तेवढ्यात मागून, बायकांच्या बाजूनं आवाज आला. आमच्या बैठकीत बायका बोलत नाहीत. फुला उभी राहिली होती. पदर नीट केला आणि म्हणाली, "अण्णा, खांब चांगलेच असतील. पर तुमी ते आणणार कुठनं?"

तुकारामशेट हसले. दुसरं कुणी हसलं नाही. परशुराम भिंतीपासून सरकून पुढं येऊन बसला, येसूमावशी दारात येऊन उभी राहिली, आणि सगळा गाव त्यांच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत बसला.